हृदयक्रिया बंद पडल्यावर मेंदूचे रक्षण : एक अभ्यास

‘हृदयक्रिया बंद पडून निधन’ हे शब्द आपण निधनवार्तेत नेहमी वाचतो. ते वाचून असा समज होतो, की हृदय थांबले आणि त्याच क्षणी सारे संपले. शरीरशास्त्र मात्र निराळे सांगते. हृदय थांबण्याचा क्षण आणि मेंदू कायमचा निकामी होण्याचा क्षण हे दोन वेगळे क्षण आहेत. त्यांच्यामध्ये काही मिनिटांचा अवधी असतो आणि जवळच्या माणसाने योग्य रीतीने हात चालवले तर तो अवधी वाढवता येतो. त्या अवधीत मेंदूला रक्त किती मिळते, मेंदूचे कार्य कसे मंदावते आणि आष्टी तालुक्यासारख्या भागात त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक फरक लक्षात घेतला पाहिजे. हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या एकच गोष्टी नव्हेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. रुग्णाच्या छातीत दुखते, घाम येतो, पण तो शुद्धीवर असतो व बोलतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा रक्त पुढे ढकलण्याचे कामच थांबते. झटक्यामुळे असे होऊ शकते, तसेच विजेचा धक्का, पाण्यात बुडणे, सर्पदंशाने श्वास बंद पडणे यांमुळेही होऊ शकते. हा लेख या दुसऱ्या अवस्थेविषयी आहे.

मेंदूची गरज

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असतो. पण शरीर विश्रांतीत असताना जेवढा प्राणवायू वापरते, त्यातील सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. निरोगी हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलते. त्यातले साधारण पाऊण लिटर मेंदूकडे जाते. शास्त्रीय परिमाणात सांगायचे तर मेंदूच्या प्रत्येक १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते.

हात किंवा पाय यांचे स्नायू रक्त अडले तरी बराच वेळ तग धरतात. मेंदूला ते जमत नाही. त्याच्याजवळ प्राणवायूचा साठा जवळजवळ नसतो आणि साखरेचा असतो तो अगदी थोडा. हातावर पोट असलेल्या कुटुंबासारखी त्याची स्थिती आहे. आजचे आले तरच आजची चूल पेटते.

रक्त कमी होत गेले म्हणजे मेंदू दोन टप्प्यांनी खाली येतो. प्रवाह ५० वरून साधारण २० मिलिलिटरच्या आसपास उतरला, की मेंदूतील विद्युत व्यवहार बंद पडू लागतो. पेशी काम थांबवतात, पण जिवंत राहतात. प्रवाह १० च्याही खाली गेला, की पेशींच्या आवरणाचे काम कोलमडते, क्षार आत-बाहेर वाहू लागतात, पेशी सुजतात व मरू लागतात. हे आकडे प्रयोगांतून मिळालेले असल्याने थोडे मागेपुढे होतात. तथापि त्यांतून निघणारी गोष्ट पक्की आहे. गप्प झालेला मेंदू आणि मेलेला मेंदू यांच्यामध्ये एक पट्टा आहे. छाती दाबणारा माणूस रुग्णाला त्या पट्ट्यात धरून ठेवतो.

पहिली मिनिटे

हृदय थांबल्यावर साधारण १० सेकंदांत शुद्ध हरपते. मेंदूचा विद्युत आलेख, ज्याला डॉक्टर ईईजी म्हणतात, तो अर्ध्या मिनिटाच्या आत सपाट होतो. पेशींतील ऊर्जेचा साठा पुढील काही मिनिटांत संपतो. कोणतीही मदत न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांनंतर कायमची इजा होऊ लागते.

मेंदूचे सर्व भाग एकाच वेळी हार मानत नाहीत. स्मरणाशी संबंधित भाग आणि मेंदूचा बाहेरचा थर हे सर्वांत नाजूक. श्वासाचे केंद्र ज्यात आहे तो मेंदूचा बुंधा त्या मानाने चिवट. यामुळे दोन फसवी लक्षणे दिसतात व ती ओळखता आली पाहिजेत.

पहिले लक्षण झटक्यांचे. कोसळल्यावर लगेच रुग्णाचे हातपाय काही सेकंद झटकतात. लोकांना वाटते फेफरे आले. मग कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो. त्यात मौल्यवान मिनिटे जातात.

दुसरे लक्षण आचक्यांचे. मेंदूचा बुंधा अजून जिवंत असल्याने रुग्ण मधूनमधून तोंड उघडून आचके देतो, घशात घरघर होते. ‘श्वास चालू आहे’ असे समजून काही लोक स्वस्थ बसतात. ‘घरघर लागली, आता जायची वेळ झाली’ असे समजून काही लोक तोंडात पाणी घालतात. दोन्ही समज घातक आहेत. आचके म्हणजे श्वसन नव्हे. उलट मेंदूचा काही भाग अजून जिवंत असल्याची ती खूण आहे, आणि म्हणून तीच छाती दाबण्यास सुरुवात करण्याची वेळ आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेले पाणी श्वासनलिकेत उतरते, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

छाती दाबण्याचा शोध

छातीवर बाहेरून दाब देऊन रक्त चालवता येते ही गोष्ट अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स संस्थेत स्पष्ट झाली. विल्यम कौवेनहोव्हन हे मुळात वीज अभियंते. विजेच्या धक्क्याने बिघडलेली हृदयाची लय पुन्हा विजेच्याच धक्क्याने सुधारता येईल का, याचा ते शोध घेत होते. १९५८ साली त्यांचे सहकारी गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आले, की कुत्र्याच्या छातीवर विजेच्या जड पट्ट्या दाबल्या म्हणजे वीज सोडण्याआधीच त्याचा रक्तदाब थोडा वाढतो. त्या लहानशा निरीक्षणावर शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांच्यासह पुढील काम झाले. १९६० साली त्यांनी २० रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यातील १४ जण वाचले होते. हे रुग्ण रुग्णालयातील होते व उपचार तत्काळ मिळाले होते, हे येथे सांगितले पाहिजे.

त्याच सुमारास पीटर साफर यांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत शास्त्रीय पायावर उभी केली. हृदय आणि फुफ्फुसे चालू करणे पुरेसे नाही, शेवटी वाचवायचा तो मेंदू, हा आग्रह त्यांनी जन्मभर धरला. १९६६ साली त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्यात गेली. तिचे हृदय पुन्हा सुरू झाले होते. मेंदू वाचला नाही.

दाबल्याने रक्त मेंदूकडे कसे जाते?

याची दोन स्पष्टीकरणे आहेत व दोन्हींत तथ्य आहे. पहिले असे, की छातीचे मधले हाड आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये हृदय दाबले जाते आणि झडपांमुळे रक्त एकाच दिशेने पुढे जाते. दुसरे असे, की संपूर्ण छातीतील दाब वाढतो. मानेतील जाड भिंतीच्या धमन्या उघड्या राहतात व त्यांतून रक्त डोक्याकडे जाते. शिरांमधील झडपा मिटल्याने ते त्या वाटेने उलटे चढत नाही. १९७६ साली क्रायली या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले, की तपासणीच्या टेबलावर हृदयाची लय बिघडलेले काही रुग्ण केवळ जोरजोराने खोकत राहिल्याने अर्ध्या मिनिटाच्या आसपास शुद्धीवर राहिले. छातीतील दाब मेंदूपर्यंत रक्त पोहोचवतो याचा हा पुरावा होता. परंतु ‘झटका आल्यास खोकत राहा’ असा जो सल्ला फिरत असतो, तो घरी उपयोगाचा नाही. कोसळलेला माणूस खोकू शकत नाही.

दाबाइतकेच महत्त्व हात सैल सोडण्याला आहे. छाती पूर्ण वर आली तरच तिच्यात रक्त परत भरते. शिवाय हृदयाच्या स्नायूला स्वतःचे रक्त मुख्यतः याच क्षणी मिळते. फार वेगाने श्वास दिले तर छातीतील दाब सतत चढा राहतो, परतणारे रक्त अडते आणि मेंदूचा वाटा घटतो. म्हणून श्वास देणाऱ्यानेही अतिउत्साह टाळावा.

आता मूळ हिशेबाकडे येऊ. उत्तम रीतीने छाती दाबली तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढेच रक्त फिरते. मेंदूला परिस्थिती अनुकूल असल्यास ३० ते ४० टक्के मिळते, म्हणजे ५० च्या जागी १५ ते २० मिलिलिटर. वर सांगितलेला पट्टा आठवावा. हा प्रवाह माणसाला जागे करण्यास बहुधा अपुरा असतो, पण पेशी जिवंत ठेवण्यास पुरेसा असतो. ‘इतके दाबूनही डोळे उघडत नाहीत, मग काय उपयोग?’ या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. डोळे न उघडणे म्हणजे प्रयत्न फुकट जाणे नव्हे.

आणि हा प्रवाह सलग असावा लागतो. वॉशर झिजलेला हापसा आपण सर्वांनी चालवला आहे. पहिले चार-सहा दांडे कोरडे जातात, मग पाणी चढते. दम खायला थांबलो की पाणी खाली उतरते आणि पुन्हा कोरडे दांडे मारावे लागतात. छातीचे तसेच आहे. दाबणे थांबताच रक्तदाब झपाट्याने उतरतो आणि पुन्हा चढवायला अनेक दाब खर्ची पडतात. नाडी चाचपणे, चेहऱ्यावर पाणी मारणे, फोनवर नातेवाइकांना कळवणे यांसाठी दाबणाऱ्याने थांबणे म्हणजे चढलेले पाणी सोडून देणे होय. सुरुवातच उशिरा झाली, तर त्याच दाबाने मेंदूत कमी रक्त पोहोचते. म्हणून आरंभ लवकर आणि काम अखंड, हे दोन नियम सर्वांत मोठे.

दाबताना मेंदू काय करतो?

याविषयी अलीकडे नवी माहिती मिळाली आहे. सॅम पार्निया व त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुतांशी अमेरिका व ब्रिटनमधील २५ रुग्णालयांत केलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडलेल्या ५६७ रुग्णांपैकी ५३ जण वाचून घरी जाऊ शकले. त्यातील २८ जणांच्या मुलाखती घेता आल्या आणि ११ जणांनी त्या वेळच्या काही ना काही आठवणी वा जाणिवा सांगितल्या. छाती दाबत असतानाच काही रुग्णांच्या मेंदूतील विद्युत तरंग व प्राणवायूचे प्रमाण मोजले गेले. प्राणवायूची पातळी सरासरी ४३ टक्के, म्हणजे बरीच खालावलेली होती. तरीसुद्धा काहींच्या आलेखात ३५ ते ६० मिनिटांनंतरही जाणिवेशी सुसंगत असे तरंग अधूनमधून उमटले.

यावरून भलते निष्कर्ष काढू नयेत. तरंग दिसले म्हणजे त्या रुग्णाला जाणीव होतीच, असे सिद्ध होत नाही. आणि बहुसंख्य रुग्ण वाचले नाहीत, हेही त्याच अभ्यासात आहे. पण एवढे खरे, की सपाट झालेला आलेख हा लगेच शेवटचा शब्द ठरत नाही. रक्त मिळाले तर गप्प मेंदू पुन्हा हालचाल करू शकतो. व्यवहारात याचे दोन धडे. चांगले दाब बसत असताना क्वचित रुग्ण डोळे उघडतो किंवा हात हलवतो. अशा वेळी थांबून पाहावे. श्वास नीट सुरू असेल तर कुशीवर निजवावे, पुन्हा निपचित झाला तर क्षणही न दवडता दाब सुरू करावेत. दुसरे, रुग्णाच्या उशाशी ‘संपलं, गेला’ असा आक्रोश करू नये. बोलायचेच तर धीराचे बोलावे.

हृदय सुरू झाले, पुढे काय?

हृदय सुरू झाल्यावर मेंदूची परीक्षा संपत नाही. आरंभी रक्ताचा लोंढा येतो, नंतर काही तास प्रवाह पुन्हा मंदावतो. या काळात रक्तदाब टिकवणे, प्राणवायू बेताने देणे, ताप चढू न देणे व आकडी आल्यास थांबवणे हे अतिदक्षता विभागाचे काम असते. रुग्ण शुद्धीवर येणार की नाही, याचा निर्णय किमान ७२ तास, म्हणजे पूर्ण तीन दिवस उलटण्यापूर्वी करू नये, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. नातेवाइकांनी पहिल्याच रात्री आशा सोडू नये. तसेच हृदय सुरू झाले म्हणजे माणूस पूर्ववत झाला असेही धरून चालू नये.

हृदय चालणे आणि मेंदू वाचणे यांतील अंतर महाराष्ट्राने एका दुःखद घटनेत पाहिले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. कारण निराळे होते, पण इजा त्याच जातीची. हृदय चालू, श्वास चालू, आणि मेंदूचा मोठा भाग मात्र गप्प, अशा अवस्थेत त्या १८ मे २०१५ पर्यंत जगल्या. केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्या सेवेपुढे मस्तक नम्र होते. काही मिनिटांच्या रक्ताची किंमत किती मोठी असते, हेही त्यातून कळते.

आष्टीचा हिशेब

आष्टी येथे ग्रामीण रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी बीड किंवा अहिल्यानगर गाठावे लागते. अहिल्यानगर ते न्यू आष्टी हा २०२२ साली सुरू झालेला लोहमार्गच ६६ किलोमीटरचा आहे. राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांसह सुरू झाली, ही फार मोठी सोय झाली. तरीही साधा हिशेब करावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी निघाली तरी १० किलोमीटरला १० मिनिटे लागतात. वाडीवस्तीचा कच्चा रस्ता असेल तर अधिक. मेंदूजवळ आहेत चार ते सहा मिनिटे. ही तफावत कोणत्याही गाडीने भरून निघणार नाही. ती शेजाऱ्याच्या हातांनीच भरावी लागेल.

आपल्या भागातील प्रसंगही ध्यानात घ्यावेत. रात्रीच्या विजेवर मोटार सुरू करताना बसणारा धक्का, विहिरीत किंवा प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पाय घसरून बुडणे, या घटना नेहमीच्या आहेत. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला तरुण जोडपी बाहेर पडतात. गावात वृद्ध माणसे आणि शाळकरी मुले उरतात. म्हणून हे शिक्षण केवळ तरुणांपुरते ठेवून चालणार नाही. बारा वर्षांच्या पुढील मुलांना शाळेत दरवर्षी दोन तास हे शिकवावे, या मोहिमेला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली पाठिंबा दिला आहे.

कृती

१. माणूस कोसळला की खांदे थोपटून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल तर १० सेकंदांच्या आत श्वास पाहावा. श्वास नसेल किंवा नुसते आचके असतील तर हृदयक्रिया बंद आहे असे धरावे.

२. विजेचा धक्का असेल तर आधी प्रवाह बंद करावा. त्याआधी शरीराला हात लावू नये.

३. एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने लगेच दाब सुरू करावेत. एकटेच असाल तर फोनचा आवाज मोठा करून तो बाजूला ठेवावा.

४. रुग्णाला जमिनीवर उताणे निजवावे. बाजेवर किंवा गादीवर दाबू नये. दाब छातीला न बसता बाजेच्या विणीत जिरतो.

५. एका तळहाताची टाच छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवावी, दुसरा हात त्यावर. कोपरे ताठ ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावे आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी.

६. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलावा. बदल काही सेकंदांत व्हावा. वीस मिनिटांत दोन हजारांहून अधिक दाब द्यावे लागतात. चौघे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन पाळ्या येतात.

७. शिक्षण झालेल्याने ३० दाबांमागे दोन श्वास द्यावेत. इतरांनी केवळ दाब चालू ठेवले तरी चालते. भारतातील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य नागरिकांसाठी २०१७ पासून हीच सोपी पद्धत सांगितली आहे.

८. बुडालेल्या माणसाचा प्राणवायू आधीच संपलेला असतो. तेथे श्वास देणे महत्त्वाचे. त्याला उलटे टांगणे किंवा पोट दाबून पाणी काढणे यात वेळ घालवू नये.

९. लहान मुलाची छाती तिच्या जाडीच्या एक तृतीयांश इतकी, एका हाताने दाबावी. तान्ह्या बाळाची दोन अंगठ्यांनी.

बरगडी मोडेल अशी भीती अनेकांना वाटते. मोडलेली बरगडी काही आठवड्यांत सांधते. मेलेला मेंदू सांधत नाही.

एवढे करूनही प्रत्येक जण वाचेल असे नाही. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेले बहुसंख्य रुग्ण वाचत नाहीत, हे सत्य लपवण्यात अर्थ नाही. पण ज्याच्यासाठी कोणी हात चालवले नाहीत, त्याला गाडी येईपर्यंत जवळजवळ संधीच उरत नाही. हा लेख वाचून ज्ञान होईल, सवय होणार नाही. सवय हातांना लावावी लागते. आपल्या विहारात, समाजमंदिरात, शाळेत ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर वा परिचारिकांना बोलावून प्रात्यक्षिक ठेवावे. पुतळा मिळाला नाही तर घट्ट उशीवर सराव करावा. जयंतीच्या उन्हातील मिरवणुकीआधी स्वयंसेवकांनी तो केलेलाच असावा. दर वस्तीत असे हात शिकलेले दहा जण तयार झाले, तरी गाडीची वाट पाहणारी ती दहा-वीस मिनिटे रिकामी जाणार नाहीत.